सिग्नल रस्त्यानं येतो

प्रिय वर्षाराणी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून नांदेडहून हे पत्र. फेकू नकोस, वाच. लई मोठी गोष्ट घडली आहे!

रेणुकादास सर आता माझे पीएचडीचे मार्गदर्शक आहेत. शहरातल्या रस्त्यांवर मिलिमीटर लहरी किती अंतरावर किती क्षीण होतात, ते आम्ही मोजतोय. नव्या मोबाईलच्या या लहरी माहिती भरपूर वाहतात, पण भिंत आली की संपल्या. गेल्या महिन्यात लातूरला गंजगोलाईच्या बाजारात एका छतावर ट्रान्समीटर बसवला आणि रिसीव्हर हातगाड्यावर ठेवून मी दर पाच मीटरवर थांबत निघाले. सरळ रस्त्यावर सगळं पुस्तकाप्रमाणे, अंतर दुप्पट तर शक्ती पाव. मग बाजूच्या गल्लीत वळले आणि दहा पावलांत सिग्नल शंभराव्या हिश्शावर आला! माझं सूत्र ट्रान्समीटरपासूनचं सरळ अंतर धरतं, त्याला हे काही केल्या समजेना.

मी डोकं धरून उभी. भांड्यांच्या दुकानातले गुरुबसप्पा काका विचारतात, "पोरी, हवा मोजायलीस का?" म्हटलं, काका, सिग्नल कुठून येतो ते बघतेय. ते म्हणाले, "रस्त्यानंच येईल की! भिंतीतून कसा येईल?"

वर्षा, माझ्या अंगावर काटा आला. पदवीच्या शेवटच्या वर्षाला वर्गात तू हेच म्हणाली होतीस. अंतर रस्त्यानं मोजा आणि प्रत्येक वळणाचा तोटा वेगळा धरा. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, सिग्नल काय एसटी आहे, रस्त्यानं यायला? वर्ग हसला. तू खाली बसलीस. मग आपल्या दोघींचा प्रोजेक्ट माझ्यावर सोडून निलंग्याला गेलीस, ती शिकवण्या घेत तिथंच राहिलीस.

तुझ्या वहीच्या पानांचे फोटो माझ्याकडे होते. तिथंच ओट्यावर बसून तुझ्या सूत्रात माझे आकडे घातले. चौतीसपैकी एकतीस जागा जुळल्या! मी अशी ओरडले की काकांनी चहा मागवला. पुढच्या आठवड्यात नांदेडला इतवाऱ्याच्या गल्ल्यांत मोजलं. वळणाच्या तोट्याचा आकडा लातूरचाच ठेवला, तरी जुळलं. सर खुर्चीतून उठले. म्हणाले, सूत्र कुणाचं?

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझंच म्हणावंसं वाटलं. मग तुझं नाव घेतलं. सोमवारी सगळ्या विभागासमोर फळ्यावर ते तुझ्याच नावानं मांडलं आणि त्या दिवशी मी काय बोलले होते, तेही सांगितलं.

शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं आहे. संमतीचा कागद सोबत ठेवलाय, सरांना तू संशोधनाला परत हवी आहेस. पण सही कर किंवा नको करूस, पत्र त्यासाठी नाही. सगळ्यांसमोर चूक कबूल केली, तुझ्यासमोर करायची राहिली. इथवर यायला मला चार वर्षं लागली. रविवारी सकाळच्या बसनं निलंग्याला येतेय. दार उघडशील ना?

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
मृण्मयी