इस्राएलच्या पिचरची शाल

ती. चंदामावशी,
साष्टांग नमस्कार.

इस्राएलचा पिन कोड काय असतो? मला माहीत नाही, आपल्या पोस्टातल्या बाईंनाही नाही. तुझा गुडघा कसा आहे? काकाजी गोड खाणं सोडतात का? (फोनवर तू आधी ‘जेवली का?’ विचारतेस आणि मग सगळं बोलणं भाजीवर जातं, म्हणून लिहिते.)

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मला भाषण करायला लावलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून गावाला वाटतं मला कशावरही बोलता येतं, आणि आता मलाही तसं वाटायला लागलं आहे. मी इस्राएलच्या एका पिचरवर बोलले. पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा. त्याच्या देशात हा खेळ थोडेच लोक खेळतात. झेलायला कोणी नाही म्हणून तो लहानपणी भिंतीवर चेंडू मारायचा. पुढे देशाकडून खेळला, खांदा दुखावला, पुन्हा उभा राहिला, आणि शेवटी त्याच्या गावाने त्याचा सत्कार केला.

मला यावरून बकारामकाकांच्या मंजूकडे वळायचं होतं. बारावीतली ही पोरगी तलावाच्या पाळीवर पळसाच्या खोडावर रोज दोनशे चेंडू मारते. तुमच्या नागपूरला बेसबॉलच्या राज्य संघाच्या निवडीसाठी तिला बोलावलं आहे, पण काका अडून बसले होते. “ज्या खेळाले गावात कोणी ओळखत नाही, त्याच्यापायी पोरगी काऊन पाठवू? गावानं एक शाल तरी देली का तिले?”

पण मी ‘आपली मंजू’ म्हणायच्या आतच टाळ्या पडल्या. सरपंच उदारामजींचे डोळे भरून आले आणि इस्राएलच्या पिचरच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. (हात मीही वर केला. सगळ्यांनीच केला होता.) शाल आणि नारळ माझ्या हाती देऊन ते म्हणाले, “पाठवून दे बाई.” मंजू तेव्हा मागे सतरंज्या गुंडाळत होती.

मी खूप विचार केला, मावशी. लांबच्या माणसाचं कौतुक सोपं असतं. त्याला नागपूरला पाठवावं लागत नाही, त्याच्या लग्नाची काळजी नसते.

पोस्टातून परतताना मी शाल घेऊन थेट काकांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. शाल मंजूची नाही, पण मला दुसरा पिचर सापडत नाही. काकांनी शालीचं कापड चाचपलं. “तो तं न्यायले येऊन नाही राहिला,” ते म्हणाले, आणि शालीची घडी घालत, “कोहमाऱ्याहून सकाळची गाडी किती वाजता हाय?” मंजूच्या आईने, शामकलाकाकूंनी, तोवर नारळाची चटणीसुद्धा वाटली होती.

तुझी,
गंगा

ता. क. उदारामजींना पिचरच्या खांद्यावर शाल असलेला फोटो हवा आहे. तेवढा काढून पाठव. तो दाखवूनच मी पुढच्या ग्रामसभेत सगळं सांगणार आहे.

पुन्हा ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. ज्या मुलीने ते तुझ्या हातात दिलं ती मंजू, शाल तिच्या पिशवीत आहे. बस म्हटल्याशिवाय ती बसत नाही. तिचे बाबा लाजून खाली रस्त्यावर उभे असतील, त्यांनाही वर बोलाव. तीन दिवस तुझ्याकडे राहण्याचा प्रश्न आहे. जेवले का, ते आता त्यांना विचार. तुला न विचारताच मी कोहमाऱ्याला दोघांना गाडीत बसवून दिलं आहे.