लामारानं यंत्राला अडवलं

३ मार्च १९९८

हरले! सगळ्या कुताइसी शहरासमोर. क्लबात बुद्धिबळ खेळणारा संगणक आलाय, आणि पहिला मान शहराच्या विजेतीचा – म्हणजे माझा. मी नेहमीसारखी तुटून पडले, घोडा बळी दिला, पट मोकळा केला. त्यानं थंडपणे घोडा खाल्ला. मग वजीर.

आमचे म्हातारे प्रशिक्षक वार्लामकाका एवढंच म्हणाले, "त्सियाला, मोकळ्या मैदानात त्याच्याशी धावायचं नसतं गं."

५ मार्च

आजही हरतच होते, तेवढ्यात वीज गेली. "बघा, त्सियालानं यंत्र बंद पाडलं!" – मागून कुणीतरी. खो खो हसले सगळे. क्लबातली लामारासुद्धा.

११ मार्च

लामारानं यंत्राशी बरोबरी साधली. लामारानं! लहानपणापासून मी जिला हरवत आले तिनं! इतकी सावकाश खेळते की लोक मधे जेवून येतात. आज तिनं मधली सगळी प्यादी एकमेकांत अडकवून टाकली. कुठून वाटच नाही. यंत्राला काही सुचेना – हत्ती इकडे, हत्ती तिकडे.

हे काय खेळणं झालं? ही तर रांगेत उभं राहण्याची कला!

१८ मार्च

आज लामारा जिंकली. तसाच पट बंद केला आणि त्याच्या राजावर एकेक प्यादं सरकवत नेलं. इतक्या लांबचा धोका त्याला दिसतच नाही म्हणे. दिसला तेव्हा उशीर झाला होता.

मग मेजवानी. वार्लामकाकांनी वाइननं भरलेलं शिंग उचललं – "आमच्या लामारासाठी!" मीही प्याले. चीज भरलेली खाचापुरी तशीच ताटात टाकून उठले.

मे महिन्यात राजधानीत, त्बिलिसीला, मोठ्या यंत्राशी सामना आहे. आमच्या शहराला एकच जागा. ती लामाराला.

१९ मार्च

तिच्या त्या तपकिरी कोटाचासुद्धा राग येतो.

२ एप्रिल

लामारा घरी आली. "बस, दाखवते कसं करायचं ते." मला दाखवणार!

"उपकार नकोत," मी म्हटलं.

"उपकार कसले, बये? तुझा हात माझ्याहून तेज आहे. धीर तेवढा नाही."

दार लावून घेतलं. जरा जोरातच.

९ एप्रिल

पुन्हा आली, पट काखेत मारूनच. "मला शिकवायची एवढी कसली घाई गं तुला?" "आहे," म्हणाली. हसली नाही. बसले शेवटी. ती प्यादी अडकवते, मी फोडायला जाते. तिनं माझं मनगट धरलं – "थांब. यंत्राला कंटाळा येत नाही, तुला येतो. तेवढं सांभाळ."

खरं बोलली, म्हणून आणखी राग आला.

२१ एप्रिल

यंत्राशी बरोबरी! मी केली! मान वर केली तर लामारा सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होती. मनात आलं – हिला मे महिन्यात ताप येऊ दे. लिहून टाकलं. वाटलं होतं, मोकळं वाटेल. नाही वाटलं.

२७ एप्रिल

लामारा ग्रीसला गेली, वार्लामकाकांनी आज सांगितलं. कुणा म्हातारीची शुश्रूषा करायच्या नोकरीवर, किती वर्षांसाठी ते तिलाही ठाऊक नाही. व्हिसा मार्चअखेरीसच आला होता. त्बिलिसीला माझं नाव तिनंच दिलं, आणि काकांना बजावलं, "त्सियालाला सांगू नका, तिचा खेळ बिघडेल."

स्टँडवर धावत गेले. बस पहाटेच सुटली होती.