सात थरांचा डबा

३ मार्च
आज बाहुल्यांचा सण. लेकीच्या, कोनात्सुच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडून झाल्या आणि त्या पायऱ्या बघता बघता मला सुचलं. गेम कंट्रोलरचा डबा! लेझरने कापलेलं पारदर्शक ॲक्रिलिक, थरावर थर. अख्ख्या ओसाकात कुणाकडे नसेल.

कारण गंभीर आहे. लेक एप्रिलमध्ये शिकायला सेंदाईला चालली. त्याआधी २९ला गेम सेंटरमध्ये जोडीची स्पर्धा. नेहमीच्या कंट्रोलरने तिचा अंगठा दुखतो, तिला नुसत्या बटणांचा हवाय, डब्यासारखा टेबलावर ठेवून दहा बोटांनी दाबायचा. जेवताना जाहीर केलं की मी बनवतो. ती म्हणाली, बनला तर जोडीला बाबा, नाहीतर हायामी. हायामी म्हणजे त्या सेंटरमध्ये काउंटरवर बसतो तो, कानात बाळ्या घालणारा. हायामीचा पत्ता कट.

४ मार्च
संत्र्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन कच्चा नमुना केला. कोनात्सुने दोन्ही पंजे ठेवले, मी पेन्सिल फिरवली. गुदगुल्या होऊन ती इतकी हसली की करंगळी दोनदा काढावी लागली. भोकं पाडली, बटणं बसवली, वर टेप. चालतोही. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच.

बाहुल्या आजच आवरायला हव्यात, नाहीतर पोरीचं लग्न लांबतं, असं बायकोचं, चिझुरुचं म्हणणं. पायऱ्या मला अभ्यासाला लागतील असं सांगितलं.

८ मार्च
लेझर मशीनला द्यायची फाइल तयार. नमुन्यात किरकोळ सुधारणा: बटणं जरा ऐसपैस अंतरावर मांडली. भव्य दिसतं. माझ्या हाताला बरोब्बर बसतं.

१४ मार्च
आज पुरुषांनी बायकोला गोड काहीतरी द्यायचं असतं. मी पितळी स्क्रू आणले. चिझुरुने बराच वेळ पुडीत बघितलं.

१५ मार्च
निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लेझर मशीन तासावर मिळतं. सहा थर कापले. जुळवले. अप्रतिम! कोनात्सुने विचारलं, वायर कुठून बाहेर येणार? प्रश्न चांगला आहे असं म्हणून मी आंघोळीला गेलो.

१६ मार्च
पुन्हा कापले. वायरला जागा ठेवली. गेलोच आहे तर सातवा थरही कापला. आता स्क्रू पुरत नाहीत. गोडच आणायला हवं होतं, असं चिझुरु म्हणाली. हिला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही.

२२ मार्च
लांब स्क्रू आले. ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद सोलायला बसलो. स्वर्गसुख. चिझुरु त्या कागदावरचं काहीतरी मोठ्याने वाचत होती, औषधाच्या बाटलीवरचं वाचते त्या सुरात. लक्ष विचलित होतं म्हणून गप्प बसायला सांगितलं. कागद रद्दीत बांधून टाकला.

२८ मार्च
झाला! आरपार दिसतो. उचलायला दोन हात लागतात, पण वजन म्हणजे स्थैर्य. कोनात्सु म्हणाली, सुंदर आहे. तिची करंगळी कडेच्या बटणापर्यंत पोचत नाही. होईल सवय. माझी पोचते.

बाहुल्या अजून पायऱ्यांवरच आहेत. जाता येता माझ्याकडे बघतात.

२९ मार्च, संध्याकाळी
सेंटरमध्ये डब्याभोवती ही गर्दी. हायामीसुद्धा आला, विकणार का म्हणून विचारलं. विकायचा नाही, असं जरा मोठ्यानेच सांगितलं.

इथली पद्धत अशी की खेळायला बसण्याआधी आपापलं सामान टेबलावरच्या अल्कोहोल स्प्रेने पुसायचं. मी सभ्य माणूस. भरपूर मारला. कडा पुसल्या, प्रत्येक भोकात बोट घालून पुसलं.

टिक. मग टिक टिक. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत रेघा धावायला लागल्या. आधी वाटलं दिव्यांचं प्रतिबिंब आहे. मग एक बटण आत गेलं आणि चिझुरु काय वाचत होती ते आठवलं. अल्कोहोलने पुसू नये, तडे जातात.

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं. कोनात्सुला म्हटलं, तू हायामीबरोबर जा. अगदी सहज म्हणायचं ठरवलं होतं, पण म्हणताना पुन्हा डबाच पुसत राहिलो. तिने बॅगेतून संत्र्यांचा पुठ्ठा काढला.

"बाबा, मी रोज ह्याच्यावरच सराव केलाय. तुझा डबा छानच होता, पण माझे हात ह्यात बसतात. चल आता, ते थांबलेत."

पहिल्याच फेरीत हरलो. चूक माझी. ऐन वेळी स्क्रीन सोडून मी तिच्या हातांकडे बघत होतो. डावपेच म्हणून चुकलंच. तरी आज मी फार खुश आहे.

४ एप्रिल
कोनात्सु गेली. पुठ्ठा बरोबर नेला. बाहुल्या मीच आवरल्या, महिनाभर उशिरा. लग्न लांबलं तर लांबलं.

सात थर चिझुरुने वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली सरकवले. मशीन आता अजिबात डगमगत नाही. स्थैर्याबद्दल माझं बरोबरच होतं.

५ एप्रिल
कोनात्सुने फोटो पाठवला. नव्या खोलीतलं टेबल, त्यावर पुठ्ठा, कोपऱ्याला नवी टेप. वाकडी लावलीय.

संकल्प: यापुढे फक्त पुठ्ठा, तोही संत्र्यांच्याच खोक्याचा. दुसरा नमुना लगेच सुरू करायचा, मे महिन्याच्या सुट्टीत ती येईल तोवर.

संध्याकाळी फळवाल्याकडे जाऊन आलो. संत्र्यांचा हंगाम संपला. खोकी आता थंडीतच येणार.