मुकी पट्टी

४ डिसेंबर १९८६

शी! पियानोवर भरीत! काल क्लबात पार्टी झाली म्हणे. झाकणावर तेलाचे ओघळ, पट्ट्यांच्या फटीत मिरचीचं बी. तासभर पुसत बसले.

मधल्या मुक्या पट्टीचं सेक्रेटरी मोतीलालशेठना पुन्हा सांगितलं. उंदरांनी आतलं कुरतडलं, तेव्हापासून पाच वर्षं ती वाजत नाही. तर म्हणाले, एवढ्या पट्ट्या आहेत, एकीनं काय अडतं! वर ऐकवलं — मार्चात नाशिकच्या परीक्षेत एकही पोर पास झालं नाही तर वर्ग बंद, खोलीत टेबलटेनिस. बावीस वर्षं शिकवतेय मी इथं!

११ डिसेंबर

परीक्षेला बसणारी चौघंही पोरं नेमलेली रचना, तो सोनाटा, बडवतात. धुणं आपटावं तसं. दुसरा भाग संथ आहे, तर यांना घरी जायची घाई. वीट आला.

१८ डिसेंबर

दीपनगरहून बसने येते ती तक्षशिला. कितीदा सांगितलं — मुकी पट्टी आली की सोड, ताल धर, पुढं चल. बाकी तिघं निमूट सोडतात. ही दाबतेच! टक्. संथ भागात ती पट्टी दर ओळीला येते, दर ओळीला टक्. डोकं उठलं. बोटांवर छडी मारली. रडली नाही.

पुन्हा टक्.

२० डिसेंबर

तिचे वडील आले, अभिमनभाऊ. मूळचे धुळ्याकडचे. वाटलं, भांडणार. हात जोडून म्हणाले, "बाई, मुकी शे म्हनीसन तिले हातबी लावाना नही का?"

म्हटलं, संगीत मला शिकवू नका. चहासुद्धा विचारला नाही.

३ मार्च १९८७

उद्या नाशिक.

४ मार्च

चकचकीत पियानो, सगळ्या पट्ट्या धडधाकट. अन् तिघा गधड्यांनी दर ओळीला ती पट्टी सोडली! सुरांच्या जागी नुसती भोकं. परीक्षकबाईंनी तिसऱ्याचं पुरतं ऐकलंसुद्धा नाही. लाज गेली.

तक्षशिलानं दाबली. वाजली. पोरगी दचकलीच — तिनं ती कधी ऐकलीच नव्हती! थांबली, हसली, पुढं गेली. ती एकटी पास. वर्ग वाचला.

परतताना बसमध्ये तिघांना जळगाव येईपर्यंत झापलं.

६ मार्च

परवा एक गोष्ट लिहिली नाही. परीक्षा आटोपल्यावर तिघांना दाखवायला मी त्याच पियानोवर बसले होते. त्या पट्टीपाशी माझंच बोट उचललं गेलं. दोनदा. पोरं बघत होती.

आज छडी तक्षशिलाच्या हातात दिली. म्हटलं, मी सोडली की मार.

मारली. बरं केलं.