गाडीचं औषधपाणी

प्रिय भाऊजी,

नमस्कार, आणि वहिनीने धाकट्या दिराला द्यायचे असतात ते सगळे आशीर्वाद. घरातली माणसं धडधाकट आहेत, आजारी आहे ती गाडी. तुमचा खोकला आणि तुमच्या खोलीतला तो घोरणारा मित्र, दोन्ही कसे आहेत ते कळवा. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की तुम्ही पाठवलेल्या बाटल्यांचा गाडीला काही गुण आला का, आणि मी नुसतं 'हो, हो' म्हणाले. फोन बैठकीत आणि मामंजी त्याच्या शेजारच्या खुर्चीत, मग दुसरं काय म्हणणार? (तुमच्या वडिलांना कमी ऐकू येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांच्याबद्दल बोलून पाहावं.) म्हणून हा लेखी अहवाल. चहा घेऊन बसा, जरा लांबणार आहे.

गाडी ओढत नाही, अशी मामंजींची तक्रार सुरू झाली आणि तुम्ही उत्साहाने पहिली बाटली धाडलीत, तिथून हे प्रकरण वाढलं. आता, आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेल्या माणसाच्या हातात बाटली दिल्यावर तो ती सरळ टाकीत ओतेल असं तुम्हाला वाटलंच कसं? आधी त्यांनी लेबल भिंगाखाली धरून वाचलं. मग माळ्यावरून दुकानातला जुना मापाचा ग्लास काढला, बाटली हलवली, उजेडात धरून माप बघितलं आणि गाडीला डोस दिला. दुसऱ्या बाटलीपासून तर ते गाडीची लक्षणं सांगायला लागले. सकाळी तिला सुस्ती असते, चढावर धाप लागते, संध्याकाळी जरा बरी असते. मला वाटलं होतं आता थर्मामीटर निघणार. इतकी विचारपूस माझ्या दोन्ही बाळंतपणांत झाली नव्हती, पण ते जाऊ दे.

मग आलं महागडं पेट्रोल. पंपावर दोन नळ्या असतात, एक साधी आणि एक रंगीत चित्रवाली. मामंजींनी चित्रवाली धरली. मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली, तीत स्पष्ट लिहिलंय की या इंजिनाला साधं पेट्रोल पुरे. माझ्या समजुतीप्रमाणे ते महागडं पेट्रोल लवकर भडकत नाही इतकंच. ज्या इंजिनात दाब फार, त्याला त्याची गरज. आपल्या गाडीत तसला दाब नाही. (दाब असलाच तर तो तुमच्या दादांच्या स्वभावात आहे.) बाटल्यांचंही तेच. इंजिनात काजळी धरली असेल तर एखादी बाटली थोडीफार साफसफाई करते म्हणे, पण साध्या पेट्रोलमध्येही साफ करणारं औषध थोडं असतंच. हे सगळं मी मामंजींना अदबीने वाचून दाखवलं. ते म्हणाले की पुस्तिका लिहिणाऱ्याने आपली गाडी पाहिलेली नाही. मी पुस्तिका मुकाट्याने गाडीत परत ठेवली.

शेवटी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने एक फेरी मारली, गाडी पळतेय की म्हणाला, आणि घातलं तर नुकसान काही नाही असं म्हणत स्वतःच्या फळीवरची एक बाटली आमच्या गळ्यात मारली. रविवारी तुमच्या दादांनी गाडी चालवली. ती भुर्रकन गेली. मामंजी खूश झाले, औषध लागू पडलं म्हणाले. सोमवारी मला दवाखान्यात कामावर सोडायला स्वतः बसले आणि गाडी पुन्हा मलूल. असं दर आठवड्याला. दादा चालवतात तेव्हा गाडी ठणठणीत, वडील चालवतात तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तुमच्या दादांचा निष्कर्ष असा, की गाडीला आपला हात आवडतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या माणसाचा आत्मविश्वास काही कमी होत नाही.

आता जे सांगणार आहे ते मी यांनाही सांगितलेलं नाही. गेल्या मंगळवारी उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. आम्ही मध्यावर थांबलेलो. मी पर्समध्ये दवाखान्याच्या दाराची किल्ली शोधत होते, म्हणून मान खाली होती. पुढची गाडी हलली, आणि मी पाहिलं, मामंजींनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढला, गुडघ्याजवळ पॅंट चिमटीत धरली आणि पाय उचलून ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. हाताने उचलून, भाऊजी. टेबलावरची वस्तू इकडची तिकडे ठेवावी तसा. तेवढ्या वेळात गाडी मागे घरंगळली आणि मागच्या स्कूटरच्या चाकाला टेकली. स्कूटरवर एक बाई होती, तिच्या पुढ्यात लहान मुलगी उभी. कोणाला काही लागलं नाही. बाई खूप बोलली, आणि तिचं चुकलं नाही. मामंजींनी काच खाली करून माफी मागितली, काच वर केली आणि समोर बघत मला म्हणाले, "पेट्रोलमध्ये भेसळ आहे."

मी 'हो' म्हणाले. दिवसभर पेशंटांची नावं लिहून घेत होते, पण डोळ्यांसमोर ती मुलगी. मला फार भीती वाटली आणि अजून वाटते. यांना सांगितलं तर हे त्याच मिनिटाला गाडीची किल्ली काढून घेतील आणि जेवणाच्या ताटावर व्याख्यान देतील. किल्ली काढून घ्यायलाच हवी, ते मलाही कळतं. पण दुकान बंद झाल्यापासून मामंजींचा दिवस मला सोडण्यापासून सुरू होतो. तेवढ्यासाठी ते दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात. तो शर्ट काढून ठेवा, हे कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हापासून रोज काहीतरी सबब सांगून मी रिक्षाने जाते. सबबी संपत आल्या आहेत.

बाकी इकडे ठीक. जेवणाची आबाळ करू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. : आता खरं काम. अजून एक बाटली पाठवा. आत काय आहे याला महत्त्व नाही, सौम्य असलं म्हणजे झालं. मात्र सोबत छापील कागद हवा, की या औषधाला पथ्य आहे : कोर्स पूर्ण होईपर्यंत गाडी दुसऱ्या हलक्या हाताने चालवावी, आणि मालकाने शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकावा. पथ्य म्हटलं की मामंजी मोडणार नाहीत. हलका हात माझा. परवाना आहे, कपाटात कपड्यांखाली. कोर्स लांबलचक ठेवा.

आणखी ता. क. :

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. सूनबाई पाकीट आणायला खाली गेली आहे, पत्र टेबलावर उघडं राहिलं. दुकानातही चिठ्ठी वाचल्याशिवाय हातावेगळी करायची सवय मला कधी नव्हती. ती येईपर्यंत चार ओळी लिहून मीच पाकीट चिकटवतो.

पथ्याची कल्पना चांगली आहे, पण गरज नाही. पाय ऐकत नाही हे मला पहिल्या बाटलीच्या आधीपासून माहीत आहे. दुकानात कितीतरी माणसं अशीच दुखणं सांगून गोड सिरप मागायची, कारण डॉक्टर काय सांगेल याची त्यांना धास्ती असायची. मी निमूट द्यायचो. आता कळतं त्यांना काय वाटत असेल. मलाही धास्ती वाटते. त्या मुलीचं तोंड माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्या सकाळी किल्ली मीच सूनबाईच्या हातात देणार, आणि डॉक्टरकडे घेऊन चल म्हणणार. चढावर क्लच सोडताना ती अडखळेल, पण मी शेजारी आहे, शिकवीन. शर्ट इस्त्रीचाच घालीन.

बाटली मात्र पाठव. गाडी एकाएकी बरी कशी झाली, हे तुझ्या दादाला सांगायला काहीतरी लागेल.