ड तुकडीचा दुसरा तास

बाई, तुमच्या वेळापत्रकाच्या फाइलचं कुलूप मी काढलं. आधी हेच सांगते, कारण इकडचं तिकडचं बोलून मग मुद्द्यावर येणारी माणसं तुम्हाला कधी आवडली नाहीत. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, पण आपल्या शाळेचं वेळापत्रक अजून तुमच्याच फाइलवर चालतं. दर जूनला पांढऱ्या चौकटींत विषय आणि शिक्षक भरायचे, राखाडी चौकटींना हात लावायचा नाही. लावलाच तर फाइल पासवर्ड मागते, आणि तो तुम्ही कुणालाही न सांगता गेलात. तुमच्याबद्दल माझी तक्रार म्हणाल तर ही एवढीच. पाच वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आलं. तुमच्या ड तुकडीतली मुलगी तुमच्याच कपाटाशेजारी बसून वेळापत्रक भरते हे तुम्हाला कळलं असतं, तर चष्म्यावरून बघत तुम्ही "अक्षर सुधारलं का?" एवढंच विचारलं असतं.

शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर प्लास्टिकचं आवरण घालून ठेवलं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेल्या तुम्ही मात्र कात्रपच्या एका क्लासमध्ये नाव घातलंत. मी तुम्हाला तिथे पाहिलंय. आईबरोबर बाजारातून येताना उघड्या दारातून तुम्ही दिसता. दोन्ही बाजूंना सातवी-आठवीतल्या मुली, मध्ये तुम्ही, कडक इस्त्रीची सुती साडी, वहीत पेन्सिलीने स्क्रीनचं चित्र काढताय. शेजारची मुलगी भराभर काहीतरी सांगते आणि तुम्ही म्हणता, "हळू गं. मला लिहून घेऊ दे." ज्या बाईंच्या डस्टरच्या आवाजाने आमची तोंडं बंद व्हायची, त्या एका पोरीला हळू बोल म्हणून विनवताहेत! मला तेव्हा हसू आलं होतं. आता शिकवताना कुठे अडले की तीच वही डोळ्यांसमोर येते.

फाइलचा स्वभावही तुमचाच आहे. तास चुकीच्या जागी भरला की स्क्रीनवर पाटी येते आणि तुम्ही बोलता. तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी टाइप होत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. पीटीनंतर लगेच इंग्रजी टाकलं तर, "पोरं घामाघूम असतात. दम खाऊ द्या." एकाच शिक्षकाला सलग चार तास दिले तर, "तुम्ही घ्याल का चार?" नवीन शिक्षकांना याची मोठी गंमत वाटते, मुद्दाम चूक करून पाटी बघतात. माझं मात्र त्यातल्या एका पाटीशी दर जूनला वाजायचं. दहावी ड चं गणित दुसऱ्या तासाऐवजी कुठेही टाका, उत्तर ठरलेलं: "नाही. दुसराच." का, ते काही नाही.

यंदा मुख्याध्यापक म्हणाले की कुलूप काढून टाका. दहावी अ ला पहिले दोन तास सलग गणित मिळालं तर निकाल वर जाईल. शाळा दुपारची, उशीर होत गेला की मुलं पेंगायला लागतात. दोन्ही तुकड्यांचं गणित माझ्याकडेच, तेव्हा ड ला शेवटचा तास द्यायचा. त्यांना काय फरक पडतो?

मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन उल्हासनगरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी काका, मराठी आणि हिंदी एकदम बोलणारे. फाइल बघून म्हणाले, "मॅडम, इसमें क्या है? हे लॉक नाही, नुसती कडी आहे. कॉपी करा, फाइलचं शेपूट बदला, आत एक लाइन असते ती उडवा. हो गया." आणि खरंच त्यांनी माझ्यासमोर नाव बदललं, आतली एक ओळ पुसली, नाव परत होतं तसं केलं. चहा यायच्या आत फाइल मोकळी. "ज्यांनी लावलं ना," ते म्हणाले, "त्यांना पण माहीत असणार की निघतं. किसी को रोकना नहीं था, बस पूछना था, कि भाई, पक्का?"

मग त्यांनी सहज एक लपवलेला रकाना उघडला आणि पेनड्राइव्ह माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ये आपका है, पढ लो." त्या रकान्यात प्रत्येक नियमासमोर तुम्ही कारण लिहून ठेवलं होतं. चित्रकलेच्या सरांना शनिवारी पहिला तास का नको, तर ते पालेगावहून सायकलवर येतात. आणि ड च्या गणितासमोर: "चामटोलीच्या मुली सव्वापाचच्या एसटीसाठी शेवटचा तास अर्धा टाकून जातात. एकीला आज सगळ्यांसमोर बोलले. चूक झाली. एसटी आपलं ऐकणार नाही, वेळापत्रक ऐकेल."

ती एक म्हणजे मी, बाई. मी दप्तर घेऊन दाराशी पोचलेय आणि तुम्ही फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणताय, "जा, जा. प्रमेय तुला कंडक्टर शिकवेल." अख्खा वर्ग हसतो. मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले होते. पुढच्याच सोमवारी गणित दुसऱ्या तासाला आलं. ते माझं नशीब, असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि तुमच्यावरचा राग तसाच सांभाळून ठेवला होता. त्या दुसऱ्या तासाच्या जोरावर मी दहावी झाले, पुढे बीएड झाले. त्या दुकानात, ओळख ना पाळख अशा माणसासमोर, मला रडू आलं. काकांनी पंख्याचा वेग वाढवला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलत राहिले.

वेळापत्रक लागलं आहे. ड चं गणित दुसऱ्या तासालाच ठेवलंय. अ ला पहिला तास मिळतो, तेवढ्यावर त्यांचं भागतं. फाइलला पुन्हा कुलूप लावलं, पण पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय आणि कारणांचा रकाना उघडा ठेवलाय. ज्याला नियम मोडायचाय त्याने वाचून मोडावा.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, म्हणून एक दुरुस्ती करून वहीतच ठेवते. वर मुख्याध्यापकांचं नाव पुढे केलंय, ते खोटं आहे. ते फक्त "बघा, जमतंय का" म्हणाले होते. कुलूप काढायचं मीच सुचवलं होतं. यंदाच्या ड मध्ये चामटोलीच्या तीन मुली आहेत, पाच वाजले की दप्तर मांडीवर घेऊन बसतात, हे मला रोज दिसत होतं. आणि तरी त्या खोलीत, तुमच्या कपाटाशेजारी उभं राहून, "त्यांना काय फरक पडतो?" असं मीच म्हणाले होते.