चंद्रीला लागणारा आवाज

४ फेब्रुवारी २०२५, काटेवाडी

लेक रविराजचा खोकला हटला. सूनबाई राजेश्वरीची कंबर आज बरी. चंद्री म्हैस चरवीभर दूध देते, म्हणजे तीही ठणठणीत. माझे गुडघे आहेत तसेच. घरात आजारी एकटा लॅपटॉप. गोठ्यात नेऊन चालू करावा, तर चहा होऊन गार होतो तरी चक्र फिरतंच.

तोवर चंद्री पान्हा चोरते. माझी बायको मुक्ता गेल्यापासून हिला धार काढताना तिचाच आवाज लागतो — "ये गं बया, सोड गं बया, लेकराच्या वाटणीचं ठिव." तिच्या शेवटच्या दिवाळीत मी रेकॉर्ड केला, तो लॅपटॉपात आहे. "म्हाताऱ्याला चळ लागलाय," म्हणाली होती. तेही त्यात आहे.

रविराज म्हणतो, "आबा, डिस्क म्हातारी झाली. एसएसडी बसवू. पातं लवायच्या आत चालू हुतंय."

बसव बाबा. म्हशीचं वेळेत निघू दे.

७ फेब्रुवारी

बारामतीहून नवी डिस्क आणली. हलकी, आत फिरणारं काही नाही म्हणे. पोरानं ओसरीवर बसून स्वतः बसवली. झाकण उघडलं की चालू! पाठीवर थाप दिली त्याच्या.

८ फेब्रुवारी

गोठ्यात लॅपटॉप लगेच लागला. आवाज नाही. सगळं धुंडाळलं.

रविराज दात घासत आला. "कामाचं समदं घेतलंय, आबा. उसाच्या पावत्या, आधार, लग्नाचे फोटो."

"आणि आईचा आवाज?"

घासायचा थांबला. "त्यो तुमच्या मोबाइलात न्हाय व्हय?"

तो जुना मोबाइल पावसाळ्यात हौदात पडला, हे म्हशीलासुद्धा ठाऊक.

"जुनी डिस्क दे."

तो ज्वारीकडं बघायला लागला. काल सांजंला फोडून आतल्या चकत्या दोऱ्यानं टांगल्यात — पाखरं राखायला. गाव जुन्या सीड्या बांधतं, या म्हणे आरशावाणी चमकतात.

गेलो. एकमेकींवर आपटून एक तडकलेली, दुसरीवर दव. दुकानदार फोनवरच म्हणाला, "उघडली ना, मग संपलं."

मुक्ता पाखरांना मूठभर दाणे टाकायची. आता तिच्याच आवाजानं पाखरं हाकतोय आम्ही.

९ फेब्रुवारी

चंद्रीनं लाथ मारली. चरवी उपडी. रविराज म्हणाला, "चुकलं, आबा." म्हटलं, मला नको सांगू, तिला सांग. मुक्या जनावराचा आधार तोडलास.

११ फेब्रुवारी

पोराशी बोलत नाही. राजेश्वरी ताट घेऊन आली. "मामा, दोन घास खावा. माणूस इसरतं, तितं डिस्कचं काय घिऊन बसलाय?"

म्हटलं, मी नाही विसरलो. चंद्री नाही विसरली. दोघं आहोत.

१४ फेब्रुवारी

आज चंद्रीनं राजेश्वरीला पान्हा सोडला. मुकाट. ती फोन कानाखांद्यात धरून बहिणीशी बोलत होती, तेवढ्यात चरवी भरली.

माझ्या बहिणीला, छबूताईला, इंदापूरला मेसेज टाकला — तुझ्या फोनात तुझ्या वहिनीचं काही बोलणं राहिलंय का बघ. मला शिव्या घातलेल्या असल्या तरी चालतील. म्हशीला नको आता. मला हवंय. लवकर उत्तर धाड.